नेट नसलेल्या संगणकावर सॉफ्टवेअर बसत नाही? आधी पेनड्राइव्हची झडती घ्या

लक्षणं

सेटअपवर डबल क्लिक केलं की खिडकी उघडते, "कनेक्टिंग" म्हणते आणि गोल फिरत बसते. पाच मिनिटांनी इंटरनेट तपासा म्हणून सांगते.

किंवा काहीच होत नाही. माऊसशेजारी क्षणभर निळं वर्तुळ दिसतं, मग तेही जातं.

किंवा "नॉट अ व्हॅलिड विन थर्टीटू ॲप्लिकेशन" नाहीतर "धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी" असा संदेश येतो.

किंवा सेटअप निम्म्यावर जाऊन एखादी कॅब फाइल (सेटअपचा माल बांधून ठेवलेलं गाठोडं) सापडत नाही म्हणतो.

किंवा सगळं सुरळीत बसतं, डेस्कटॉपवर चिन्हही येतं, पण उघडायला गेलं की कुठलीतरी डीएलएल फाइल (सॉफ्टवेअरला चालायला लागणारा सुटा भाग) नाही म्हणून बोंब.

किंवा नुसताच आकडा: १६०३, १६१८, २५०३.

यातलं तुमचं कुठलं ते ठरवा आणि एक गोष्ट कागदावर लिहा: दोनदा प्रयत्न केल्यावर गाडी दोन्ही वेळा एकाच जागी अडते, की दरवेळी वेगळ्या? एकाच जागी अडत असेल तर दोष बहुतेक आणलेल्या फाइलीत किंवा विंडोजच्या एखाद्या अटीत आहे आणि तो घरच्या घरी सुटतो. एकदा वीस टक्क्यांवर, एकदा सत्तरवर, एकदा निळा पडदा, असं असेल तर पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क किंवा रॅमवर संशय घ्या. असं ज्यांचं होतं त्यांनी चौथी पायरी झाली की थेट शेवटच्या भागात जावं.

मी देवरुखला संगणक दुरुस्तीचं काम करतो. आसपासच्या गावांतल्या शाळा, वाचनालयं, दूध संस्था ही माझी गिऱ्हाईकं. पावसाळ्यात वीज गेली की तासाभरात टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंज जाते. काही ठिकाणी तर नेट कधी घेतलंच नाही. त्यामुळे पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर टाकायचं काम मी महिन्यातून आठ-दहा वेळा करतो आणि तोच बिघाड पुन्हा पुन्हा पाहतो. सुरुवातीला मी लगेच समोरच्या संगणकात घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचो. आता पेनड्राइव्हपासून सुरू करतो, कारण दहातल्या सात वेळा चूक डाउनलोड करतानाच झालेली असते, तिकडे, जिथे नेट होतं तिथे. हा सात आकडा माझ्या वहीतला आहे, कुठल्या अभ्यासातला नाही.

खालचा क्रम फुकट आणि सोप्यापासून किचकटापर्यंत आहे. मध्ये उडी मारू नका.

१. रीस्टार्ट आणि घड्याळ

"शट डाउन करून परत चालू केला की," असं शाळेतले सर सांगतात. तेवढं पुरत नाही. विंडोज ८ पासून पुढे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. अर्धवट राहिलेलं जुनं इन्स्टॉलेशन तसंच लोंबकळत राहतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. १६१८ हा आकडा "दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे" एवढंच सांगतो आणि बहुतेकदा रीस्टार्टने जातो.

मग उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. वर्ष चुकलेलं असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. नेट असलेला संगणक वेळ स्वतः दुरुस्त करून घेतो, म्हणून तिथे हा दोष झाकला जातो. इथे तो उघडा पडतो. प्रत्येक नीट सेटअपवर कंपनीची डिजिटल सही असते आणि तिला मुदत असते. संगणक स्वतःला २००९ सालात समजत असेल तर त्याच्या दृष्टीने ती सही अजून जन्मलेलीच नाही. तारीख हाताने बदला आणि पुन्हा प्रयत्न करा. डेस्कटॉपला बहुधा सीआर २०३२ हा बटण सेल लागतो, तो घड्याळवाल्याकडेही मिळतो. लॅपटॉपचा सेल मात्र स्वतः बदलायला जाऊ नका.

२. फाइलचा आकार बघा

सगळ्यात जास्त वेळा अडतं ते इथे, म्हणून जरा थांबून सांगतो.

आजकाल कुठल्याही सॉफ्टवेअरचं ठळक "डाउनलोड" बटण दाबलं की बरेचदा हाती येते ती फक्त पावती. एक-दोन एमबीची छोटी फाइल, जी चालवल्यावर नेटवर जाऊन खरा माल आणते. घरी ती झकास चालते, कारण घरी नेट आहे. म्हणून "अहो, माझ्याकडे तर चाललं!" हे वाक्य मला आठवड्यातून एकदा ऐकू येतं.

अंदाज असा ठेवा. क्रोमचा पूर्ण सेटअप शंभर एमबीच्या वर असतो, नेटवाला त्याहून कितीतरी लहान. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ चा (बऱ्याच सॉफ्टवेअरना खाली लागणारा मायक्रोसॉफ्टचा घटक) ऑफलाइन सेटअप शंभर एमबीच्या वर, वेबवाला दीड एमबीच्या आत. लिब्रे ऑफिस साडेतीनशे एमबीच्या आसपास, आणि त्याची मदतपुस्तिका वेगळी फाइल असते, ती बरोबर घ्यावी लागते. व्हीएलसी चाळीसेक एमबीचा आणि तो पूर्णच असतो. एखादं मोठं सॉफ्टवेअर पाच एमबीच्या आत मावलं, तर आनंद मानू नका.

पूर्ण सेटअप शोधताना "ऑफलाइन इन्स्टॉलर", "स्टँडअलोन", "फुल पॅकेज", "रीडिस्ट्रिब्युटेबल" किंवा "एमएसआय" हे शब्द पाहा. ते कंपनीच्या स्वतःच्या पानावरच असतात, पण तळाला, बारीक अक्षरात. शोधयंत्रात सर्वांत वर येणाऱ्या भलत्याच डाउनलोड साइटवरून घेऊ नका. तिथला सेटअप अनेकदा सोबत दोन टूलबार आणि एक जाहिरातवाला घेऊन येतो, आणि नेट नसलेल्या संगणकावर ती घाण काढायलाही पुन्हा पेनड्राइव्हच लागतो. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल तर मी कुणाशी वादही घालत नाही, सरळ टाकत नाही म्हणतो.

फाइलच्या नावाचं शेपूटही बघून घ्या. "सीआर-डाउनलोड" किंवा "पार्ट" असं काही दिसलं तर डाउनलोड पूर्णच झालेलं नाही. नाव बदलून ती पूर्ण होत नाही. हे सांगायला विचित्र वाटतं, पण करून पाहिलेली माणसं मला भेटली आहेत.

यातच एक सोपी सुटका आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरची पोर्टेबल आवृत्ती मिळते: झिप उघडली, फोल्डर ठेवलं, चालवलं. सेव्हन-झिप, व्हीएलसी, लिब्रे ऑफिस, सुमात्रा पीडीएफ यांच्या अशा आवृत्त्या आहेत. वाचनालयात मराठी विकिपीडिया नेटशिवाय दाखवायला मी किविक्स वापरतो, तोही असाच फोल्डरमधून चालतो, फक्त विकिपीडियाची झिम फाइल वेगळी उतरवून सोबत न्यावी लागते. बसवायची भानगडच नको असेल तर आधी पोर्टेबल आहे का ते पाहा आणि हा लेख इथेच सोडा.

३. ज्याच्यासाठी न्यायचं त्याला विचारलं का?

"धिस पीसी"वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथे दोन गोष्टी वहीत टिपा: विंडोज कुठलं, आणि सिस्टिम टाइप ३२ बिट की ६४ बिट.

६४ बिटचा सेटअप ३२ बिट विंडोजवर चालत नाही. उलटं बहुतेकदा चालतं, म्हणून खात्री नसेल तर ३२ बिटचा घ्यावा, मिळत असेल तर. प्रिंटरसारख्या वस्तूंच्या ड्रायव्हरला मात्र ही सवलत नाही. ड्रायव्हर जसं विंडोज तसाच लागतो.

विंडोजची आवृत्ती याहून जास्त छळते, कारण तिथे संदेश स्पष्ट नसतात. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. शाळांच्या खोल्यांत ते अजून धडधडत चालू आहे, आणि आपण घरून नेतो ते सगळं ताजं. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.८. लिब्रे ऑफिसने २५.८ पासून विंडोज ७ आणि ८ दोन्ही सोडलं. म्हणजे ताजी फाइल कितीही पूर्ण असली तरी तिथे ती बसणार नाही, तिची जुनी आवृत्ती कंपनीच्या संग्रहातून शोधून न्यावी लागते. पायथनचं आणखी एक: त्याची जोड पॅकेजेस नेटवाल्या संगणकावर उतरवताना पायथनची आवृत्ती आणि विंडोजचे बिट दोन्ही जुळलेले हवेत. ३.११ साठीची पॅकेजेस ३.८ घेत नाही, आणि कारण सांगताना "सापडलं नाही" एवढंच म्हणतो.

तिसरी गोष्ट नव्या लॅपटॉपची. सिस्टिमच्या माहितीत विंडोजच्या नावापुढे "एस मोड" लिहिलं असेल तर बाहेरचा कुठलाच सेटअप चालणार नाही. एस मोड फक्त मायक्रोसॉफ्टच्या दुकानातली ॲप घेतो. त्यातून बाहेर पडणं फुकट आहे, पण ते त्या दुकानातूनच करावं लागतं, म्हणजे एकदा नेट लागतंच. एकदा बाहेर पडलं की परत जाता येत नाही, पण त्याचं दुःख मी अजून कुणाला झालेलं पाहिलं नाही.

४. फाइल वाटेत बिघडली का

डाउनलोड पूर्ण, आवृत्ती बरोबर, तरी सेटअप "करप्ट" म्हणतो. मग वाहतुकीवर संशय घ्या.

पेनड्राइव्ह ओढून काढला असेल तर आधी तेच. कॉपीची पट्टी संपली म्हणजे सगळं लिहून झालं असं नेहमी नसतं. "सेफली रिमूव्ह" हा शिष्टाचार वाटतो, पण शेवटचे काही एमबी त्याच्यावर अवलंबून असतात.

३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि ५ जीबीची फाइल जात नाही? ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ पद्धतीचे येतात आणि तिथे एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. नेमकं सांगायचं तर ४,२९,४९,६७,२९५ बाइट. त्याच्यापुढे एक बाइटही नाही. विंडोजच्या आयएसओ फाइली (अख्ख्या डीव्हीडीची एका फाइलीतली प्रत) याच भिंतीवर आपटतात. पेनड्राइव्हवरचं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, एक्स-फॅट पद्धतीने फॉरमॅट करा, काम झालं.

स्वस्तात मिळालेला "१ टीबी" पेनड्राइव्ह असेल तर तो खोटा असण्याची शक्यता धरा. तो आपला आकार खोटा सांगतो, भरल्यावर जुन्या जागेवरच लिहीत राहतो, फाइलींची नावं दिसतात पण आत कचरा. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं छोटं फुकट साधन पूर्ण पेनड्राइव्ह लिहून परत वाचून बघतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

आणि आता सगळ्यात खात्रीचा उपाय. दोन्हीकडे सेव्हन-झिप टाकून ठेवा. फाइलवर राइट क्लिक केल्यावर सीआरसी-एसएचए असा पर्याय येतो, त्यात एसएचए-२५६ निवडा. लांबलचक अंक-अक्षरांची ओळ मिळेल. घरच्या संगणकावरची ओळ आणि शाळेतली ओळ तंतोतंत एक असेल तर फाइल वाटेत बिघडलेली नाही. पहिली आणि शेवटची सहा अक्षरं जुळली तरी मला पुरतं. कंपनीने आपल्या पानावर ती ओळ दिली असेल तर तिच्याशीही जुळवा, म्हणजे डाउनलोडही बरोबर आहे हे कळतं. या एका मिनिटाने माझ्या कित्येक खेपा वाचल्या आहेत. न जुळणारी फाइल पुन्हा पुन्हा चालवून बघण्यात अर्थ नाही.

५. झिपच्या आतून चालवलं?

झिप फाइल डबल क्लिक केली की फोल्डरसारखी उघडते. माणूस आतल्या सेटअपवर क्लिक करतो. विंडोज तेवढी एकच फाइल तात्पुरत्या जागी काढून चालवतं, आणि शेजारच्या कॅब फाइली झिपमध्येच राहतात. मग सेटअप त्यांना शोधत बसतो. आधी "एक्स्ट्रॅक्ट ऑल" करा, आणि तेही पेनड्राइव्हवर नको, सी ड्राइव्हवर एक साधं फोल्डर करून तिथे. पेनड्राइव्हवरून थेट चालवलं तर वेळही लागतो आणि मध्येच केबिनेटला कुणाचा पाय लागला तर संपलं.

मग सेटअप फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तळाला "अनब्लॉक" अशी चौकट दिसली तर खूण करून ओके म्हणा. नेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक चिठ्ठी चिकटवतं, "ही बाहेरून आली आहे". गंमत म्हणजे ती चिठ्ठी फक्त एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर टिकते. फॅट-३२ किंवा एक्स-फॅट पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलीवर ती गळून पडलेली असते. त्यामुळे एकाच सेटअपला एका पेनड्राइव्हवरून आणल्यावर इशारा येतो आणि दुसऱ्यावरून आणल्यावर येत नाही. यात भूत नाही.

चिठ्ठी असलेल्या फाइलीवर "स्मार्टस्क्रीनशी संपर्क होत नाही" असा संदेश नेट नसताना येणारच, कारण स्मार्टस्क्रीन हा विंडोजचा पहारेकरी फाइलची ख्याती नेटवर विचारतो. फाइल कंपनीच्या पानावरून घेतली असेल आणि एसएचए जुळला असेल तर "रन" म्हणा. यातलं एकही नसेल तर म्हणू नका.

६. जागा, टेम्प आणि मराठी नाव

सी ड्राइव्हवर दहा जीबी तरी मोकळे हवेत. सेटअप स्वतःला आधी टेम्प फोल्डरमध्ये सोडवतो, मग तिथून बसवतो, म्हणजे थोडा काळ दुप्पट जागा लागते. डी ड्राइव्ह रिकामा आहे याचा इथे उपयोग नाही. २५०२ आणि २५०३ हे आकडे टेम्पमध्ये लिहायची परवानगी नसल्याचे असतात. सेटअप "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर"ने चालवून पाहा.

आपल्याकडचाच म्हणावा असा एक दोष इथे लपतो, तो मला दोन वर्षं कळला नव्हता. एका शाळेत विंडोजचा वापरकर्ता "मुख्याध्यापक" या नावाने, देवनागरीत, उघडलेला होता. टेम्प फोल्डर वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये असतो, म्हणजे त्याच्या पत्त्यात देवनागरी अक्षरं आली. नव्या सेटअपला त्याचं काही वाटत नाही. जुन्या सेटअपना ती अक्षरं वाचताच येत नाहीत, त्यांना तिथे प्रश्नचिन्हं दिसतात, आणि ते मुकाट्याने मरतात. लक्षणं वाचताना "काहीच होत नाही" हे लिहिलंय ना, त्यातले काही इथले. वापरकर्त्याचं दिसणारं नाव बदलून फोल्डरचं नाव बदलत नाही. रोमन अक्षरांत नवीन वापरकर्ता उघडा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार द्या आणि तिथून सेटअप चालवा. मराठीचा अभिमान फाइलींच्या आत ठेवावा.

७. खालचा पाया नाही

सॉफ्टवेअर बसतं पण उघडत नाही, त्यांच्यासाठी हा भाग. नेट असतं तेव्हा सेटअप लागणारे घटक स्वतः मागवतो. नेट नसताना तो गप्प राहतो आणि सॉफ्टवेअर तोंडघशी पडतं. शिदोरीत भाकरी नेली आणि पाणी विसरलं, तसं.

"व्हीसी रनटाइम १४०" किंवा "एमएसव्हीसीपी १४०" नावाची डीएलएल नाही म्हणत असेल, तर व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल हवं. २०१५ पासून २०२२ पर्यंतच्या सगळ्यांना एकच पॅकेज चालतं. ६४ बिट विंडोजवर ६४ आणि ३२ दोन्ही टाका, कारण कुठलं लागेल ते विंडोजवर नाही, सॉफ्टवेअरवर ठरतं. दोन्ही मिळून चाळीस एमबीच्या आसपास. १६३८ आकडा आला तर घाबरू नका, त्याहून नवं आधीच बसलेलं आहे. सुटी डीएलएल फाइल देणाऱ्या साइटवरून ती उचलून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकायचा उद्योग करू नका. आज एक चालेल, उद्या तीन मोडतील.

डॉटनेट ३.५ मागत असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज १० मध्ये तो विंडोजचाच भाग आहे, फक्त त्याच्या फाइली आत ठेवलेल्या नसतात. चालू करायला गेलं की विंडोज नेटवर जातं आणि ज्याच्या शेवटी ०८१एफ किंवा ०९०६ आहे असा आकडा दाखवतं. त्या फाइली विंडोजच्या आयएसओमध्ये "सोर्सेस" फोल्डरच्या आत "एसएक्सएस"मध्ये असतात. आयएसओ त्याच आवृत्तीचा हवा. मग ॲडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीतून (कमांड प्रॉम्प्ट) डिझम या विंडोजच्याच साधनाचा आदेश द्यायचा: फीचर चालू कर, फीचरचं नाव नेट-एफएक्स-थ्री, नेटवर जाऊ नकोस म्हणून लिमिट-ॲक्सेस, आणि सोर्स म्हणून एसएक्सएसचा पत्ता. या आदेशात "ऑनलाइन" असाही शब्द असतो, तो पाहून दोन जणांनी मला फोन केला होता. तिथे त्याचा अर्थ इंटरनेट असा नाही, "आत्ता चालू असलेलं हेच विंडोज" असा आहे. पूर्ण आदेश मायक्रोसॉफ्टच्या पानावरून टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवरच ठेवा. हाताने टंकताना एक मोकळी जागा चुकते आणि अर्धा तास जातो.

विंडोज ७ वाल्यांना दोन अडचणी जास्तीच्या. २०१९ पासून सेटअपवरच्या सह्या फक्त एसएचए-२ पद्धतीच्या येऊ लागल्या. त्या ओळखण्यासाठी केबी ४४९०६२८ आणि मग केबी ४४७४४१९ हे दोन अपडेट, याच क्रमाने, लागतात. दुसरी, डॉटनेट ४.८ "सर्टिफिकेटची साखळी" जुळत नाही म्हणून अडतं, कारण कधीच नेट न पाहिलेल्या संगणकात मायक्रोसॉफ्टचं २०११ चं मूळ प्रमाणपत्र नसतं. ते वेगळं उतरवून "ट्रस्टेड रूट"मध्ये घालावं लागतं. माझं मत विचाराल तर विंडोज ७ वर इतकं डोकं चालवण्यापेक्षा त्या संगणकावर लिनक्स टाका. मात्र लिनक्समध्येही एका पॅकेजला दुसरं लागतं अशी साखळी असतेच. तिथे सिनॅप्टिक नावाचं साधन "डाउनलोड स्क्रिप्ट" तयार करून देतं, ती नेटवाल्या संगणकावर चालवली की लागणारी सगळी पॅकेजेस एकदम हाती येतात.

अक्षरांबद्दल थोडं. नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये मंगल फाँट नसतो, निर्मला असतो. मंगल आता देवनागरीच्या पुरवणी फाँटांत गेला आहे आणि भाषा जोडल्यावर नेटवरून येतो. मंगलमध्ये केलेलं पत्र या संगणकावर उघडलं की मजकूर दिसतो, पण ओळी सरकतात आणि सही दुसऱ्या पानावर जाते. मी मुक्त परवान्याचे मुक्ता आणि नोटो सोबत ठेवतो आणि नवी पत्रं त्यातच करायला सांगतो. इनस्क्रिप्ट कळफलक मात्र विंडोजमध्ये आतच असतो, त्याला डाउनलोड लागत नाही.

८. अँटिव्हायरस आणि शॉर्टकटचा रोग

पेनड्राइव्हवरची फोल्डरं अचानक शॉर्टकट झाली असतील तर त्यांच्यावर क्लिक करू नका. नेट नाही म्हणजे व्हायरस नाही, हा समज महागात पडतो. इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रापर्यंत पोचलेला आणि २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा व्हायरस पेनड्राइव्हवरूनच पसरत होता. शाळेतल्या संगणकावर तेवढं कुणी खर्च करणार नाही, पण झेरॉक्सच्या दुकानातून आलेला साधा रोग पुरेसा असतो. डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसची ताजी व्याख्या फाइल (व्हायरस ओळखायची यादी) मायक्रोसॉफ्ट वेगळी देतं, ती सेटअपसारखी चालवता येते. दर खेपेला ती नवी न्या आणि आधी पेनड्राइव्ह तपासा. अँटिव्हायरस बंद करून सेटअप चालवायचा सल्ला मी देत नाही.

९. नेट उसनं आणता येतं का

काही सॉफ्टवेअर पूर्ण बसतं पण परवाना सुरू करायला एकदा नेट मागतं. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट संगणकाला द्या, विंडोज १० ला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. परवान्यापुरता डेटा अगदी थोडा जातो. फक्त आधी अपडेट थांबवून ठेवा, नाहीतर विंडोज वाट बघतच असतं. गावात रेंजच नसेल तर मी केबिनेट उचलून रिक्षात टाकतो आणि बाजारपेठेत आणतो. मॉनिटर न्यायची गरज नाही, तो कुणाचाही चालतो.

१०. लॉग, आणि १६०३

१६०३ म्हणजे "जमलं नाही", इतकंच. कारण लॉगमध्ये, म्हणजे सेटअपने लिहिलेल्या नोंदींत, असतं. टेम्प फोल्डरमध्ये तारखेनुसार लावून शेवटच्या लॉग फाइली बघा, "रिटर्न व्हॅल्यू ३" शोधा आणि त्याच्या वरच्या दहा-पंधरा ओळी वाचा. खरी तक्रार तिथे असते: अमुक फोल्डरला परवानगी नाही, जुनी आवृत्ती निघत नाही, असं काहीतरी. ते वाचून कळलं तर करा. रजिस्ट्री साफ करणारी साधनं मात्र चालवू नका.

इथे थांबा

दरवेळी वेगळ्या जागी अडतंय, दुसऱ्या पेनड्राइव्हवरूनही तेच, हार्ड डिस्क टकटक वाजतेय, किंवा विंडोजचीच मेमरी चाचणी दोष दाखवतेय: थांबा. प्रत्येक नवा प्रयत्न मरत्या डिस्कवर लिहितो. आधी निकालपत्रकं, हिशेब, फोटो दुसरीकडे काढा. तेही निघत नसतील तर संगणक बंद करून माणूस बोलवा.

संगणक एखाद्या यंत्राला जोडलेला असेल, म्हणजे प्रयोगशाळेचं उपकरण, कारखान्यातलं सीएनसी यंत्र, दूध संकलनाचं मोजयंत्र, तर पहिल्या पायरीच्याही आधी थांबा. तो मुद्दाम नेटपासून तोडलेला असतो आणि त्यावर काय टाकायचं ते यंत्र देणाऱ्याने ठरवायचं असतं. एक नवा रनटाइम आत गेला आणि यंत्र बोलेनासं झालं, तर ते तुमच्या अंगावर येईल. बँकेचा किंवा सरकारी कार्यालयाचा संगणक "ॲडमिनिस्ट्रेटरने मनाई केली आहे" म्हणत असेल तर ती मनाई खरीच आहे. तिला वळसा घालू नका, त्यांच्या तांत्रिक माणसाला लेखी विचारा.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, ४८ अंकी किल्ली मागायला लागला आणि ती कुठे लिहिलेली नसेल, तरीही थांबा. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) काहीतरी बदलल्यावर असं होतं. तिथे "फॉरमॅट मारून देतो" म्हणणाऱ्यापासून सावध, आतला डेटा कायमचा जातो.

दुरुस्तीवाल्याला बोलवाल तेव्हा संदेशाचा फोटो, सिस्टिम टाइपचा फोटो आणि कितव्या पायरीपर्यंत काय काय केलं ते पाठवा. माझ्याकडे हे तिन्ही आले की मी निघतानाच बरोबर फाइल घेऊन निघतो. आणि ज्या पेनड्राइव्हवरून प्रयत्न केला तो फॉरमॅट करून ठेवू नका. मला तो जसाच्या तसा बघायचा असतो.